कार्बनचे चाक आणि रोह्याचा रस्ता

पेणहून रोह्याला जाणारा रस्ता सायकलस्वाराची चांगली परीक्षा घेतो. पेण सोडले की वडखळपर्यंत सपाट मुलूख. भाताची खाचरे, खारजमीन आणि धरमतरच्या खाडीकडून येणारा मोकळा वारा. वडखळला अलिबागचा फाटा बाजूला ठेवून महामार्ग दक्षिणेकडे वळतो आणि अंबा नदीच्या काठच्या नागोठण्याला येतो. तेथे महामार्ग सोडून रोह्याची वाट धरली की भिसे खिंडीचा चढ लागतो. खिंड उतरली की कुंडलिकेच्या काठचे रोहे. सपाटी, वारा, चढ, उतार आणि खड्डे, सायकलला जे जे काही भेटते ते सर्व या सुमारे चाळीस किलोमीटरांत भेटते.

सुट्टीच्या दिवशी पहाटे अशा रस्त्यांवर शर्यतीच्या सायकली घेऊन निघालेले स्वार आता पुष्कळ दिसतात. त्यांपैकी काहींची चाके तुम्ही निरखून पाहिली असतील. रिम काळी कुळकुळीत आणि चांगली चार-पाच सेंटिमीटर खोल. आरे थोडे आणि चपटे. चाक जवळून गेले की पोकळ घुमल्यासारखा आवाज येतो. ही कार्बन तंतूंची चाके. त्यांच्या जोडीला चाळीस-पन्नास हजार रुपये आणि कधी त्याहून कितीतरी अधिक पैसे पडतात. आपल्या साध्या सायकलीच्या किमतीत कितीतरी पट!

अशी चाके बसवून फेरी मारून आलेल्या स्वाराला विचारा. बहुधा तो चार गोष्टी सांगेल. एक, सायकल जागेवरून चटकन उचल घेते. दोन, चढावर दम कमी लागतो. तीन, सपाटीवर वेग टिकून राहतो. चार, सायकल घट्ट आणि ताब्यात वाटते. तो खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे जाणवलेले असते. पण जाणवणे वेगळे आणि असणे वेगळे. आंघोळीच्या वेळी एक हात गार पाण्यात आणि दुसरा ऊन पाण्यात थोडा वेळ बुडवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणतो पाणी ऊन आहे, दुसरा म्हणतो गार आहे! म्हणून आपण तापमापक वापरतो. मग चाकाच्या बाबतीत तापमापकाचे काम कोण करील? ते काम थोडे गणित आणि थोडे प्रयोग करतील. चला तर, चारही गोष्टी एकेक करून तपासू.

कार्बनचा तंतू कसा होतो?

त्याआधी हा पदार्थ काय आहे ते पाहू. नागोठण्याजवळच्या पेट्रोरसायन प्रकल्पात नैसर्गिक वायूतील घटकांपासून प्रॉपिलीन नावाचा वायू मिळवतात आणि त्यापासून पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक करतात. याच प्रॉपिलीनपासून, अमोनिया व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने, दुसऱ्या प्रकारच्या कारखान्यांत अॅक्रिलोनायट्राइल हे द्रव्य बनवतात. त्याच्या रेणूंची लांब साखळी केली की पॉलिअॅक्रिलोनायट्राइल तयार होते. तुमच्या स्वेटरच्या कृत्रिम लोकरीत मुख्यतः हेच असते.

या द्रव्याचे बारीक तंतू ताणून धरून प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. नंतर ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंशांच्याही वर तापवतात. ऑक्सिजन नसल्यामुळे तंतू जळून जात नाही. त्यातील इतर मूलद्रव्ये निघून जातात व जवळजवळ केवळ कार्बन उरतो. लोणारी लाकडाचा कोळसा करतो त्याचेच हे फार काटेकोर रूप म्हणता येईल. या प्रकारच्या तंतूंचा पाया जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास घातला. पुढे इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात त्यांचे फार बळकट तंतू तयार करण्यात आले.

असा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या दसपट जाड असतो. असे हजारो तंतू एपॉक्सी नावाच्या राळेत बसवून साच्यात दाबले व तापवले की रिम तयार होते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम आणि अॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. तंतू व राळ यांच्या या संमिश्र पदार्थाची घनता मात्र सुमारे १.६ ग्रॅमच असते. आणि तंतूच्या दिशेने ताणले तर तो सहसा तुटत नाही. पण आडव्या दिशेने? बांबूचे उदाहरण घ्या. उभा बांबू ओढून तोडता येत नाही, पण कोयत्याच्या एका घावात उभा चिरतो. संमिश्र पदार्थाचेही तसेच आहे. म्हणून तंतूंचे थर निरनिराळ्या दिशांनी रचावे लागतात. या हातकामामुळे आणि साच्यामुळे चाकाची किंमत वाढते.

पहिली गोष्ट: उचल

फळीचे एक टोक दोन पुस्तकांवर टेकवून उतरण करा. वरच्या टोकापाशी धातूचे एक कडे किंवा जाड बांगडी आणि कॅरमचा स्ट्रायकर शेजारी शेजारी उभे धरा आणि एकाच वेळी सोडा. स्ट्रायकर नेहमी आधी खाली पोचतो. कडे मोठे असो की लहान, जड असो की हलके, निकाल बदलत नाही. असे का?

गडगडणारी वस्तू दोन कामे एकदम करते. ती पुढे सरकते आणि स्वतःभोवती फिरतेही. उतरणीवरून मिळालेली ऊर्जा या दोन कामांत वाटली जाते. कड्याचे सगळे वस्तुमान कडेला असते. ते फिरवायला अधिक ऊर्जा लागते, म्हणून पुढे सरकण्यासाठी कमी उरते. स्ट्रायकरचे वस्तुमान मध्यापर्यंत पसरलेले असते, म्हणून त्याला फिरण्याचा खर्च कमी पडतो.

सायकलचे चाक कड्यासारखे आहे. रिम, टायर आणि ट्यूब हा त्याचा जड भाग कडेलाच असतो. समजा सायकल v वेगाने चालली आहे. रिमवरील वस्तुमान m ची पुढे जाण्याची गतिज ऊर्जा ½mv². रिमचा प्रत्येक बिंदू तुंब्याभोवती त्याच v वेगाने फिरत असतो, म्हणून फिरण्याची ऊर्जाही ½mv². एकूण mv². म्हणजे वेग वाढवताना रिमवरील एक ग्रॅम हा सायकलच्या दांड्यावरील दोन ग्रॅमइतका भारी पडतो. ‘चाकाचे वजन दुप्पट मोजावे’ असे सायकलस्वार म्हणतात त्याचे मूळ येथे आहे, आणि येथपर्यंत ते बरोबर आहे.

पण दुप्पट कशाची? तुमचे वजन ५५ कि.ग्रॅ. आणि सायकल १० कि.ग्रॅ. धरू. एकूण ६५. दोन्ही चाकांच्या कडेला मिळून सुमारे २ कि.ग्रॅ. असतील, ते आणखी एकदा मोजले म्हणजे ६७. आता कार्बनच्या रिममुळे दोन्ही चाकांत मिळून ४०० ग्रॅम वाचले असे माना. दुप्पट करून ०.८ कि.ग्रॅ. ६७ मध्ये ०.८ म्हणजे सुमारे १.२ टक्के!

ताशी ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. या वेगाला पोचण्यासाठी लागणाऱ्या सुमारे २३०० ज्यूलपैकी केवळ २८ ज्यूल वाचतात. तुम्ही १५० वॅट शक्तीने पायडल मारत असाल, तर ही बचत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी झाली. वाटेत दहा वेळा थांबून दहा वेळा निघालात तरी सारे मिळून दोन सेकंद.

दुसरी गोष्ट: चढ

चढावर वेग जवळजवळ एकसारखा असतो. तेव्हा चाकाचा वेग वाढवायचा नसतो, म्हणून तेथे ‘दुप्पट’चा नियम लागू नाही. तेथे रिमवरचा ग्रॅम, खिशातला ग्रॅम आणि पोटातला ग्रॅम सारखेच.

हिशेबासाठी १०० मीटर उंचीचा चढ घेऊ. ६५ कि.ग्रॅ. वर न्यायला ६५ × ९.८ × १०० = ६३,७०० ज्यूल लागतात. १५० वॅटने चढायला, केवळ उंचीचा विचार केला तर, सात मिनिटे लागतील. ४०० ग्रॅम कमी केल्याने ३९२ ज्यूल वाचतात, म्हणजे २.६ सेकंद. आता पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आठवा. तिच्यातले पाणीच ५०० ग्रॅम असते. खिंडीच्या पायथ्याशी थांबून पाणी पिऊन टाकले तर ते पोटात जाऊन वजन तेवढेच राहते. वाटेत घाम येऊन जाईल तेवढेच कमी! पण खिंडीपलीकडे पाणी मिळणार हे माहीत असता भरलेली जादा बाटली वर नेली, तर पन्नास हजारांची बचत तेथेच फिटली.

तिसरी गोष्ट: वेग टिकणे

येथे एक गंमत लक्षात घ्या. जे चाक हलके असल्यामुळे चटकन उचल घेते, ते हलके असल्यामुळेच वेग लवकर सोडील. जड जाते एकदा फिरू लागले की फिरत राहते, हलकी भिंगरी लवकर थांबते. तेव्हा ‘उचलही घेते आणि वेगही टिकवते’ हे दोन्ही गुण हलकेपणातून येऊ शकत नाहीत. वेग टिकत असेल तर त्याचे कारण दुसरे असले पाहिजे. ते कारण म्हणजे रिमचा आकार.

सपाट रस्त्यावर सायकलचा खरा शत्रू वजन नसून हवा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ३० कि.मी. वेगाने, वारा पडलेला असताना, आपल्या ६५ कि.ग्रॅ.च्या जोडीला साधारण १४८ वॅट लागतात असे गणित करता येते. त्यांपैकी सुमारे ११६ वॅट हवा बाजूला सारण्यात आणि ३२ वॅट टायर व रस्ता यांच्यात खर्च होतात. शंभरातले जवळजवळ ऐंशी हवेला!

आरे हवेला घुसळतात. रिम खोल केली की आरे आखूड होतात, आणि हवा रिमच्या गोलसर पाठीवरून सुरळीत निघून जाते. कार्बनचा खरा उपयोग हाच. अॅल्युमिनियमची इतकी खोल रिम फार जड होईल, कार्बनची होत नाही. वातविवरात, म्हणजे हवेचा मोजून-मापून झोत सोडलेल्या बोगद्यात, हा फायदा मोजता येतो. परंतु जाहिरातीतला आकडा बहुधा शर्यतीच्या वेगाचा असतो. समजा एखादे चाक ताशी ४५ कि.मी. वेगाला १० वॅट वाचवते. तेच चाक ताशी ३० ला किती वाचवील? वेग दीडपट कमी, म्हणून शक्ती १.५ × १.५ × १.५ म्हणजे ३.४ पट कमी. उरले सुमारे ३ वॅट.

३ वॅटने वेग एक टक्क्याहून कमी वाढतो. पेण ते रोहे हे ४० कि.मी. ताशी ३० ने गेले तर ८० मिनिटे लागतात, त्यातली सुमारे ४० सेकंद वाचतील. याउलट, ताठ बसण्याऐवजी कोपरे वाकवून, पाठ खाली घेऊन बसलात तर सहज १६-१७ वॅट वाचू शकतात. त्याने साडेतीन मिनिटे वाचतील, आणि त्याला पैसाही पडत नाही.

वारा फसवतो

आता या रस्त्याचा स्वभाव पाहा. पावसाळा सोडला तर कोकणपट्टीत दिवस चढला की जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. दुपारी पश्चिम-वायव्येकडून वाहणारा हा खारा वारा पेणच्या लोकांना चांगला परिचयाचा आहे. पेण ते वडखळ हा रस्ता नैर्ऋत्येकडे जातो, म्हणून तेथे हा वारा बराचसा समोरून लागतो. वडखळनंतर रस्ता आग्नेयेकडे वळतो. तोच वारा आता पाठीशी येतो.

समोरचा वारा ताशी केवळ १० कि.मी. आहे असे धरा. १४८ वॅटनेच पायडल मारत राहिलात तर वेग ३० वरून सुमारे २४ वर येतो. पेण-वडखळचे अंतर हिशेबाला ८ कि.मी. धरले, तर १६ मिनिटांऐवजी जवळजवळ २० मिनिटे लागतात. चाळीस किलोमीटरभर चाकाने कमावलेल्या ४० सेकंदांच्या सहापट वेळ वाऱ्याच्या एका हलक्या झुळकेने आठ किलोमीटरांत हिरावून घेतला!

मग असा प्रसंग कल्पा. एका स्वाराने सकाळी जुन्या चाकांवर वडखळ-नागोठणे टप्पा केला, तेव्हा वारा नव्हता. दुपारी नवी चाके बसवून तोच टप्पा केला, तेव्हा वारा पाठीशी होता. घड्याळ म्हणाले, तीन-चार मिनिटे वाचली. त्याने श्रेय कोणाला दिले? चाकाला. घड्याळ खोटे नव्हते आणि स्वारही खोटा नव्हता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि दिसली मात्र एकच.

चौथी गोष्ट: घट्टपणा आणि ताबा

बैलगाडीच्या चाकात खालचा लाकडी आरा भार पेलतो, तो दाबला जातो. सायकलचा तारेसारखा बारीक आरा दाबला तर वाकून जाईल. म्हणून सायकलच्या चाकात सर्व आरे आधीच ताणून बसवलेले असतात. भार आला की खालच्या आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो एवढेच. हा ताण सारखा नसला की चाक डुलते. सायकलच्या दुकानात ‘आउट काढणे’ म्हणतात ते काम म्हणजे हा ताण सारखा करणे. कार्बनची रिम फार ताठ असल्यामुळे ती कमी डुलते, आणि वळणावर सायकल घट्ट वाटते. हे जाणवणे बऱ्याच अंशी खरे आहे. पण घट्ट वाटणारी प्रत्येक सायकल वेगवान असतेच असे नाही.

ताब्याची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. खोल रिम म्हणजे छोटे शीडच. बाजूने वाऱ्याचा झोत आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की पुढचे चाक ढकलले जाते. स्वार हलका असला तर अधिकच. तेव्हा शाळकरी मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

उताराचे काय? १०० मीटर चढून मिळवलेले ६३,७०० ज्यूल उतरताना कोठेतरी गेलेच पाहिजेत. काही हवेत जातात, उरलेल्यांची ब्रेकपाशी उष्णता होते. रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर ही उष्णता रिमला सोसावी लागते. अॅल्युमिनियम उष्णतेचे चांगले वाहक आहे, ते ती चटकन पसरवते. राळेत बसवलेला कार्बन ती जागच्या जागी साठवतो, आणि फार तापल्यास राळ मऊ पडू लागते. म्हणून अशा रिमला ठरावीक प्रकारचेच ब्रेकचे रबर वापरावे लागते आणि लांब उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता सोडून-सोडून लावावा लागतो. पावसात ओल्या कार्बनवर असा ब्रेक उशिरा लागतो. अलीकडच्या बहुतेक कार्बन चाकांना तुंब्यापाशी वेगळी पोलादी तबकडी व तिच्यावर ब्रेक असतो, तो याच कारणाने.

आणि खड्डे! मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर भागाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात येथील खड्डे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. खड्ड्यात आपटल्यावर अॅल्युमिनियमची रिम वाकते, वाकलेली दिसते आणि पुष्कळदा दुरुस्तही होते. कार्बनची रिम वाकत नाही. ती टिकते किंवा तडकते, आणि आतला तडा बाहेरून नेहमी दिसतोच असे नाही. ठोकून सरळ करण्याचा प्रश्नच नाही.

मग इतके वेगवान का वाटते?

याची कारणे आपल्याच शरीरात आहेत. आपल्या शरीराला वेग थेट मोजता येत नाही. आपण तो आवाजावरून, कंपनांवरून आणि कडेने सरकणाऱ्या झाडांवरून अंदाजतो. पोकळ रिमचा घुमणारा आवाज ‘वेग’ म्हणून ऐकू येतो. ताठ चाकाची बारीक थरथर ‘वेग’ म्हणून हाताला कळते. शिवाय नव्या चाकांबरोबर नवे टायर आलेले असतात, त्यांत हवा नीट भरलेली असते, आउट काढलेला असतो, चेनला तेल दिलेले असते. आणि ज्या वस्तूसाठी मोठी रक्कम मोजली ती चांगलीच असणार असे मन आधीच ठरवून बसलेले असते. उत्साहाने स्वार पायडलही जोरात मारतो. घड्याळात फरक दिसतो, पण तो चाकाचा नसून पायांचा असतो.

करून पाहा

या प्रयोगांना कार्बनची चाके लागत नाहीत. प्रयोग शाळेच्या मैदानात किंवा वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, मोठ्यांना सांगून करावेत. महामार्गावर करू नयेत.

पहिला प्रयोग. छोट्या उतारावर एक रेघ आखा. तेथून सायकल न ढकलता व पायडल न मारता सोडा, आणि सपाटीवर ती कोठे थांबते ते मोजा. टायर मऊ ठेवून पाच वेळा आणि नीट हवा भरून पाच वेळा हे करा. मात्र सर्व पाच आधी आणि सर्व पाच नंतर असे करू नका. मऊ, कडक, कडक, मऊ असा क्रम ठेवा, म्हणजे वारा बदलला तरी तो दोघांनाही सारखा लागेल. पाच अंतरांची सरासरी काढा. पण सरासरीपूर्वी एकाच टायरच्या पाच अंतरांत आपसात किती फरक आहे ते पाहा. तो फरक ३ मीटर असेल आणि दोन सरासऱ्यांतील फरक १ मीटर असेल, तर ‘हा टायर चांगला’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला अजून मिळालेला नाही.

दुसरा प्रयोग. एका पिशवीत ५०० ग्रॅम वाळू भरलेली बाटली किंवा तशीच रिकामी बाटली ठेवून पिशवी कॅरिअरला घट्ट बांधायची. पाणी घेऊ नका, ते डचमळले की स्वाराला कळते. मित्राने नाणे उडवून कोणती बाटली ठेवायची ते ठरवावे व लिहून ठेवावे. स्वाराने न पाहता एक फेरी मारून ‘जड’ की ‘हलकी’ ते सांगावे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजानेही दहांपैकी पाच उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा अधिक उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के असते. तेव्हा नऊ-दहा उत्तरे बरोबर आली तरच स्वाराला खरोखर फरक कळला असे मानायला जागा आहे. लक्षात घ्या, कार्बनच्या चाकांनी वाचवलेले वजन या वाळूपेक्षाही कमी होते.

मग ही चाके निरुपयोगी का?

मुळीच नाही. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेची पश्चिम-पूर्व रुंदी ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात सुमारे साडेआठ दिवसांत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० कि.मी.! साडेआठ दिवसांचा एक टक्का म्हणजे दोन तास. जेथे इतर सर्व गोष्टी, म्हणजे सराव, आहार, झोप, बसण्याची पद्धत, आधीच घासूनपुसून नेमक्या केलेल्या असतात, तेथे उरलेल्या एका टक्क्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ असतो.

पण ज्याला पेणहून रोह्याला शर्यतीच्या तयारीसाठी जायचे आहे, त्याचा क्रम उलटा असावा. प्रथम टायरमधली हवा आणि चेनचे तेल. मग सीटची योग्य उंची. मग वाकून बसण्याचा सराव. मग चांगले टायर आणि डोक्याला शिरस्त्राण. मग पहाटे लवकर, वारा सुटण्यापूर्वी निघण्याची सवय. या यादीत कार्बनची चाके अगदी शेवटी येतात. घरच्यांनी काटकसरीने जमवलेले पैसे मागण्यापूर्वी एवढा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवावा. तो मांडता आला नाही तर मागणीही थोडी थांबू द्यावी.

हीच पद्धत चाकाखेरीज इतरत्रही चालते. ‘हे टॉनिक घेतल्यापासून मला बरे वाटते’, ‘ही वही वापरल्यापासून मला गुण जास्त पडले’, असे कोणी सांगितले की तीन प्रश्न विचारा. त्या वेळी आणखी काय बदलले होते? किती वेळा मोजले? आणि मोजणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते का?

विचार करा

१. दोन स्वारांची वजने ५० व ८० कि.ग्रॅ. आहेत. ४०० ग्रॅम हलक्या चाकांचा टक्केवारीने अधिक फायदा कोणाला होईल?

२. रोह्याहून पेणला दुपारी परत येताना वारा कोणत्या टप्प्यात समोरून लागेल? नकाशा काढून उत्तर द्या.

३. पहिल्या प्रयोगात सायकल आपोआप थांबेपर्यंतचे अंतर मोजले. या प्रयोगातून ‘उचल’ मोजता येईल का? येत नसेल तर कोणता प्रयोग करावा?